दळणावरचा कर

बोलोन्या, ९ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी सांगते 'मीठ व तंबाखू', आणि आत मीठ नाहीच. सिगरेटी, बसची तिकिटं, लॉटरी, सरकारी अर्जावर चिकटवायचे स्टॅम्प, एवढाच माल. सईला विचारलं तर म्हणाली, "बाबा, सगळीकडे अशाच पाट्या आहेत. जुन्या." मिठाची सरकारी मक्तेदारी इथे १९७०च्या दशकापर्यंत टिकली. ती गेली, पाटी उतरवायची राहिली.

उभी नोकरी विक्रीकरात गेलेल्या माणसाला अशी पाटी दिसली की पाय तिथेच अडतो. मीठ, तंबाखू, स्टॅम्प, लॉटरी: एकोणिसाव्या शतकातल्या इटलीच्या जमाखात्यातले निम्मे रकाने त्या हातभर रुंद टेबलावर मांडलेले. मुलीकडे हिवाळा काढायचा आहे, नातू पाळणाघरात जातो, दुपार मोकळी असते. ग्रंथालयं गरम असतात. हा विषय घ्यायला हरकत नाही.

११ ऑक्टोबर

आधी मीठ. नव्या राज्यात मुख्य भूमीवर किलोला ५५ सेंतेसिमी, म्हणजे अर्ध्या लिराहून थोडं जास्त. सिसिली आणि सार्डिनिया या दोन बेटांना मक्तेदारीतून सूट. समुद्राचं पाणी घागरीने उचलून घरी आटवणं हाही गुन्हा, कारण त्यातून मीठ निघतं. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या परक्यांच्या कायद्यापायी. इथे कायदा स्वकीयांचा, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राचा. किनाऱ्यावरच्या गरिबाला त्यामुळे मीठ स्वस्त मिळालं नाही.

१८८६ साली भाव ३५वर आणला. नवं राज्य तोवर पंचवीस वर्षांचं झालं होतं.

१४ ऑक्टोबर

आमच्या पिढीपर्यंत तरी मराठी घरांत इटलीची ओळख मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्यामार्फत व्हायची. सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीचं लेखन मराठीत आणलं, १९०७मध्ये ते छापून आलं, मग त्यावर बंदी. माझ्या आजोबांच्या पिढीला त्या पुस्तकाची प्रस्तावना पाठ असायची म्हणे. एकीकरण, स्वातंत्र्य, लाल डगला, सारं ठाऊक. कावूरचं नावही ठाऊक. पण त्या लढायांचं बिल कुणी भरलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही विचारायला निवृत्त व्हावं लागलं.

१७ मार्च १८६१ला राज्य जाहीर झालं. जुन्या सगळ्या संस्थानांची कर्जं नव्या राज्याने आपल्या डोक्यावर घेतली. ती नाकारली असती तर पुढे कुणी छदाम दिला नसता. वर रेल्वे, सैन्य, आरमार, आणि १८६६चं ऑस्ट्रियाशी युद्ध. त्या एका वर्षाची तूट ७० कोटी लिरांच्या वर गेली. १ मे १८६६च्या हुकमाने नोटेच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं. चर्चच्या जमिनी विकायला काढल्या. जमीनदारांवर करवाढ करायची तर संसदेत बसलेले जमीनदारच होते. मतदानाचा हक्क लोकसंख्येत शंभरातल्या दोघांना. उरला जो मत देत नाही आणि रोज खातो तो.

१८ ऑक्टोबर

पाऊस. नातवाला सर्दी. काही वाचलं नाही.

२० ऑक्टोबर

क्विंतीनो सेल्ला. या माणसावर माझं मन बसलंय, आणि त्याचा रागही येतोय. जन्म १८२७, उत्तरेच्या बिएल्लाजवळचा, लोकर गिरण्यांचं घराणं. पॅरिसमध्ये खाणकाम शिकला, स्फटिकशास्त्रात नाव कमावलं. एका खनिजाला त्याच्या नावावरून सेल्लाइट म्हणतात. १८६३मध्ये मोन्व्हीझो शिखरावर चढून आला आणि गिर्यारोहकांची राष्ट्रीय संस्था स्थापली. ती आजही आहे. असा माणूस अर्थमंत्री झाला की तो जमाखर्चाकडेही स्फटिकासारखं पाहतो. कोन जुळले पाहिजेत. हाडापर्यंत काटकसर, हे त्याचं ब्रीद.

डिसेंबर १८६५मध्ये त्याने दळणावर कर सुचवला आणि त्यावरून असा गदारोळ झाला की मंत्रिमंडळच बदललं. पुढच्या मंत्र्यांनी शिव्या घालत घालत तीच कल्पना उचलली. अखेर कांब्रे-दिन्यी अर्थमंत्री असताना ७ जुलै १८६८ला कायदा झाला, अंमल १ जानेवारी १८६९पासून. दर क्विंटलला: गहू २ लिरा, ओट १.२०, मका आणि राय ०.८०. पुढे सेल्ला पुन्हा अर्थमंत्री झाला आणि १८६९च्या डिसेंबरपासून १८७३पर्यंत हा कर त्याने राबवला. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'उपाशी मारणारा'. कायदा दुसऱ्याचा, पण नाव याच्या माथी. वसूल करतो तोच लक्षात राहतो, हे आमच्या खात्यातल्या कुणालाही पटेल.

२३ ऑक्टोबर

आज मोजयंत्राविषयी वाचलं. दुपार कशी गेली कळलं नाही.

प्रश्न असा: देशभर हजारो गिरण्या. बहुतेक पाणचक्क्या, ओढ्याकाठी, डोंगरकपारीत. काही पो नदीवर तरंगत्या, दोन होड्यांवर उभ्या. प्रत्येक दारात एक शिपाई बसवून पोतं तोलायचं म्हटलं तर करापेक्षा पगार जास्त. शिपाई गिरणीवाल्याचा जावई व्हायला महिना पुरतो. पूर्वीच्या राजवटींत हेच होत असे. मक्तेदार, मापारी, पहारेकरी, सगळ्यांची पोटं वाटेतच भरायची. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

सेल्लाचं उत्तर इंजिनियरचं होतं. माणूस काढून टाका. जात्याच्या कण्याला एक यंत्र बसवा, ते फेरे मोजेल. सरकारी इंजिनियर एकदा येऊन चाचणी घेईल, शंभर फेऱ्यांत या गिरणीत किती धान्य दळलं जातं ते काढेल, त्यावरून या गिरणीचा फेऱ्यांचा दर ठरेल. गिरणीवाल्याने गिऱ्हाइकाकडून वजनावर कर घ्यायचा आणि सरकारला फेऱ्यांवर भरायचा. ठराविक दिवसांनी अधिकारी येऊन आकडा टिपून नेणार. ना तोलणं, ना भांडण, ना लाच.

वाचताना मला आमची वीजबिलं आठवली. एखादा कारखानदार उत्पादन दडवतोय असं वाटलं की आम्ही त्याचं विजेचं बिल मागवायचो. इतके युनिट म्हणजे इतका माल. कागदावर बिनतोड. मग अपिलात समोरचा वकील उठायचा: यंत्र जुनं आहे साहेब, वीज खातं, भारनियमन होतं, दर वेळी भट्टी नव्याने तापवावी लागते. नुसत्या विजेवरून उत्पादन ठरवता येत नाही, हे आम्ही निकालांत पुन:पुन्हा वाचलं. इटलीच्या गिरणीवाल्यांनी तेच वाद आमच्याआधी शंभर वर्षं घातले होते. पाणी कमी असलं की जातं हळू फिरतं आणि फेऱ्याला वेगळं दळतं. नवा टाकलेला दगड आणि झिजलेला दगड सारखे नाहीत. ओला मका आणि वाळलेला गहू सारखे नाहीत. रिकामं जातं फिरलं तरी यंत्र मोजतंच. रिक्षा सिग्नलला उभी आणि मीटर पळतोय, तशी गत.

गंमत पुढे आहे. कर फेऱ्यावर म्हटल्यावर गिरणीवाल्याचं हित कशात? कमीत कमी फेऱ्यांत जास्तीत जास्त दळण्यात. दगडाला खोल टाके घाला, वरून धान्य भराभर सोडा, पीठ जाडंभरडं झालं तरी चालेल. मग इंजिनियर परत येतो, पुन्हा चाचणी, दर वाढतो. मग पुन्हा टाके. काही वर्षांत या खेळात मोठे गिरणीवाले टिकले; त्यांच्याकडे भांडवल होतं, वकील होता. ओढ्यावरची लहान चक्की बंद पडत गेली. सेल्ला स्वतः या यंत्राच्या उणिवा जाणून होता. थेट वजन किंवा माप टिपणारी यंत्रं बनवून घेण्याची खटपट बरीच वर्षं चालली, पण ती महाग पडत.

करआकारणीतला हा धडा मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाला नव्हता. ज्या गोष्टीवर कर बसवाल तीच गोष्ट लोक बदलतील. इथे पीठ बदललं.

२४ ऑक्टोबर

कालचं पुरं झालं नाही. गिरणीवाला खेड्यात मजुरी धान्यातच कापून घेई. शेतमजुराला मजुरीचा बराच भाग धान्यातच मिळे. पैशाचा संबंध कमी. कर मात्र रोख हवा, दळण घेऊन जाण्याआधी. सोन्या-चांदीची नाणी तर बाजारातून नाहीशी झालेली. म्हणजे स्वतःच्या मक्याचं स्वतःसाठी पीठ करून घ्यायला आधी थोडा मका विकून नाणं आणायचं. व्यवहारच झालेला नाही अशा ठिकाणी कर. आमच्याकडे निदान 'विक्री' तरी लागायची.

अप्रत्यक्ष कराचं सगळं कसब तो दिसू न देण्यात असतं. चहाच्या किमतीत, तंबाखूच्या पुडीत तो विरघळून जातो. घेणारा दुकानदाराला शिव्या देतो, सरकारला नाही. दळणावरच्या कराने नेमकं हेच गमावलं. मजुराची बायको पोतं घेऊन जाते, तराजूपाशी वेगळे पैसे मोजते, कशाचे ते तिला सांगितलं जातं. तेही आठवड्या-पंधरवड्याला, न चुकता.

३० ऑक्टोबर

१ जानेवारी १८६९ उजाडला तेव्हा मोजयंत्रं बसलेलीच नव्हती. बहुतेक ठिकाणी पोचलीच नव्हती. सरकार म्हणालं, तोवर अंदाजाने भरा. गिरणीवाल्यांनी गिरण्या बंद केल्या. म्हणजे कराच्या आधी टंचाई. हिवाळा, घरात धान्य आहे आणि पीठ नाही.

आग लागली ती याच प्रदेशात, एमिलियात. बोलोन्या, रेज्जो, पार्मा. घंटा वाजवून लोक गोळा होत, गिरण्या जबरीने उघडायला लावत, नगरपालिकेच्या कचेऱ्यांत शिरून कागद जाळत. काही ठिकाणी पोपचा जयजयकार झाला, काही ठिकाणी चक्क ऑस्ट्रियाचा. दहा वर्षांपूर्वी ज्यांना हाकललं त्यांचाच. पहिल्याच आठवड्यात जनरल राफाएले कादोर्ना याला या तिन्ही प्रांतांसाठी सर्वाधिकार देऊन पाठवलं. १८६६मध्ये पालेर्मोचा उठाव मोडून काढलेला माणूस. त्याने हाही मोडला.

देशभरातला हिशेब सहसा असा दिला जातो: २५७ मृत, १,०९९ जखमी, ३,७८८ अटकेत. एकीकरणाच्या काही नावाजलेल्या लढायांत यापेक्षा कमी माणसं पडली आहेत. त्यांचे चौकाचौकांत पुतळे आहेत.

२ नोव्हेंबर

सईच्या घरमालकीणबाई आज पोलेंता घेऊन आल्या. मक्याच्या पिठाचा घट्ट पिवळा सांजा, वर चीज. आता हॉटेलात चांगल्या भावाने मिळतो. त्या काळी उत्तरेच्या शेतमजुराचं दोन्ही वेळचं जेवण हेच, आणि नुसतं हेच. त्यातून पेलाग्रा व्हायचा: हातांची कातडी सोलून निघायची, शेवटी बुद्धिभ्रंश. वेड्यांच्या इस्पितळांत पेलाग्राचे रोगी भरलेले असत. म्हणून मक्यावरचे ८० सेंतेसिमी हा गव्हाच्या दोन लिरांपेक्षा छोटा आकडा वाटतो तो फसवा आहे. गहू खाणारा दुसरंही काही खात होता.

नातवाने पोलेंता थुंकून टाकला.

५ नोव्हेंबर

हे वाचून मी जागेवरून उठलोच. १८६०च्या मे महिन्यात गॅरिबाल्डी आपले हजारभर लाल डगलेवाले घेऊन सिसिलीत उतरला. बेटाचा सर्वाधिकारी म्हणून त्याने ज्या पहिल्यावहिल्या आज्ञा काढल्या त्यांतली एक १७ मेची, आल्कामो गावातून: दळणावरचा कर रद्द. बूर्बाँ राजांनी १८४९नंतर परत लादलेला. शेतकरी त्याच्या मागे गेले त्याला हेही एक कारण होतं. नऊ वर्षांनी नव्या, एकसंध, घटनात्मक राज्याने तोच कर यंत्र लावून परत आणला.

मॅझिनीच्या पुस्तकाची प्रस्तावना पाठ करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असेल का!

१२ नोव्हेंबर

तंबाखूचं प्रकरण थोडक्यात. त्याच १८६८ साली सरकारने तंबाखूचं उत्पन्न एका खाजगी कंपनीला पंधरा वर्षांसाठी मक्त्याने दिलं, बदल्यात १८ कोटी लिरांची उचल. घर चालेना म्हणून पुढचं पीक आधीच सावकाराकडे लिहून द्यावं, तसलाच व्यवहार. त्यात खासदारांनी हात ओले केल्याचा बोभाटा झाला. लोब्बिया नावाच्या खासदाराने पुरावे असल्याचं जाहीर केलं, आणि जून १८६९मध्ये फ्लॉरेन्सच्या रस्त्यात रात्री त्याच्यावर सुऱ्याने हल्ला झाला. मग त्याच्यावरच खटला, की हल्ल्याचं सोंग केलं म्हणून. शिक्षा झाली, पुढे निर्दोष ठरला. मक्ता मात्र मुदतभर चालला. मधोमध खोबण पडलेल्या फेल्ट हॅटला इटलीत आजही त्याचंच नाव आहे. डोक्यात काठी बसून त्याच्या टोपीला तशी खोबण पडली होती म्हणतात.

लॉटरीवर काय लिहायचं? नापोलीत स्वप्नं पडली की आकडा लावत. सरकार ते उत्पन्न निर्लज्जपणे जमाखात्यात घेत होतं, सगळीच सरकारं घेतात.

२० नोव्हेंबर

सान जोव्हान्नी इन पेर्सिचेतोला जाऊन आलो, बोलोन्याहून गाडीने वीसेक मिनिटं. जानेवारी १८६९मध्ये इथेही जमाव उठला होता. रस्ते एकात एक वर्तुळांसारखे, मध्ये चौक. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. नगरपालिकेसमोर उभा राहिलो. सभोवार सपाट काळी शेतं, कालवे. सई म्हणाली, "बाबा, तुम्ही सुट्टीवर आहात की तपासणीवर?"

गावांच्या, शहरांच्या वेशीवर आणखी एक कर होता, तो आपल्या ओळखीचा: जकात. बोलोन्याच्या वेशी अजून उभ्या आहेत. तिथे दारू, मांस, सरपण अडवून वसुली चाले. केंद्राचा वाटा ठरलेला, वर नगरपालिकेचा जादा. मोठ्या शहरांना तट, तेव्हा वसुली वेशीत. छोट्या गावांना तट नाही, तिथे दुकानात. आमच्याकडे मुंबईचे नाके २०१७च्या जुलैत जीएसटी आल्यावर उठले. ट्रकवाल्यांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. जकात गेली म्हणून अश्रू ढाळणारा नगरसेवक सोडून कुणी पाहिला नाही.

२८ नोव्हेंबर, रोम

सईच्या परिषदेच्या निमित्ताने दोन रात्री इथे. ती सभागृहात गेली, मी 'वीस सप्टेंबर' रस्त्यावर.

एका टोकाला पोर्ता पिया. याच वेशीजवळ भिंतीला खिंडार पाडून २० सप्टेंबर १८७०ला इटलीचं सैन्य पोपच्या रोममध्ये शिरलं. सेनापती कादोर्ना. हो, तोच. रोमवर चालून जायचा आग्रह मंत्रिमंडळात ज्याने सर्वांत जोराने धरला तो सेल्ला. त्याच रस्त्यावर त्याने उभं करवलेलं अर्थमंत्रालय. अवाढव्य. पोपच्या रोममध्ये नव्या राज्याने बांधलेली पहिली मोठी इमारत, १८७२ ते १८७७. चर्च नाही, संसद नाही, राजवाडा नाही, करखात्याची इमारत. आणि त्याच्यासमोर खुद्द सेल्लाचा पुतळा, शिल्पकार एत्तोरे फेर्रारी, १८९३.

मला तो आवडला हे नाकारण्यात अर्थ नाही. राज्य दिवाळखोर होऊ दिलं नाही. स्वतःसाठी काही खाल्लं नाही. पण मोजायला बसला तेव्हा त्याने मोजले जात्याचे फेरे. जमिनीची नव्याने मोजणी करून मोठ्या जमीनदारांवर न्याय्य कर बसवायचा कायदा व्हायला १८८६ उजाडलं. तोवर सेल्ला हयातही नव्हता.

६ डिसेंबर, बोलोन्या

दळणावरच्या कराने कामगिरी केली का? केली. पहिल्या वर्षी अपेक्षेच्या मानाने फारच थोडं आलं. यंत्रं बसत गेली तसा आकडा चढला, सत्तरीच्या उत्तरार्धात वर्षाला सुमारे ८ कोटी लिरा. १६ मार्च १८७६ला पंतप्रधान मिंगेत्ती यांनी संसदेत जाहीर केलं की जमाखर्च जुळला. दोनच दिवसांनी सरकार पडलं. खरं भांडण रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाचं होतं, तोस्कानाचे खासदार त्यावरून फुटले होते. पण मत ज्यावर पडलं तो प्रश्न होता दळणाच्या कराच्या जाचक वसुलीचा. मिंगेत्ती म्हणाले, ही चर्चा पुढे ढकला. सभागृहाने १८१ विरुद्ध २४२ मतांनी नकार दिला. ज्या कराने खड्डा भरला त्याच कराने भरणाऱ्यांना खड्ड्यात घातलं.

डावे सत्तेवर आले ते हा कर काढण्याचं वचन देऊन. सेनेटने अडवून धरलं: जमाखर्च पुन्हा फाटेल. १८७९मध्ये मका वगैरे हलक्या धान्यांना सूट मिळाली, पुढच्या वर्षी गव्हासाठी तारीख ठरली आणि १ जानेवारी १८८४ला कर संपूर्ण उठला. त्याच वर्षी मार्चमध्ये सेल्ला वारला.

१० डिसेंबर

इथे वही मिटली असती, पण पुढच्या वर्षांचे आकडे पाहिले.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेचा गहू आगबोटींनी येऊ लागला, भाव पडले, गव्हाचे जमीनदार ओरडले. १८८७मध्ये आयात गव्हावर क्विंटलला ३ लिरा जकात. १८८८मध्ये ५. १८९४मध्ये ७. १८९५मध्ये साडेसात. दळणावर दोन लिरा होते तेव्हा २५७ माणसं मेली. आता बंदरावर साडेसात होते आणि काही वर्षं कुणी घंटा वाजवली नाही. कारण हा कर बाईच्या हातातून जात नव्हता. तो जेनोव्हाच्या गोदीत, कस्टमच्या कागदावर भरला जाई आणि पावाच्या किमतीत मिसळून येई. शिवाय देशातला गहूही तेवढाच महाग होई, त्या वाढीतलं सरकारला काहीच मिळत नसे, ती जमीनदाराची. दळणाच्या कराची निदान सगळी रक्कम खजिन्यात तरी जायची.

मग १८९७चं पीक बुडालं आणि पुढच्या वर्षी स्पेन-अमेरिका युद्धाने जहाजांचं भाडं चढलं. पाव महागला. मे १८९८मध्ये मिलानमध्ये जनरल बावा बेक्कारिस याने गर्दीवर तोफा चालवल्या. सरकारी आकड्यानुसार ऐंशी मेले. राजा उंबेर्तोने त्याला पदक दिलं. २९ जुलै १९००ला मोंझा इथे गाएतानो ब्रेशी या अराजकवाद्याने राजाला गोळ्या घातल्या, आणि मिलानच्या मृतांसाठी घातल्या असं सांगितलं.

दंगली पेटल्यावर सरकारने गव्हाची जकात तात्पुरती उठवली होती. उन्हाळा सरायच्या आत परत लावली, पुन्हा साडेसात. महायुद्ध सुरू होईपर्यंत ती तेवढीच होती.